श्वानप्रेम आणि शरणागताचा धर्म

महाभारताच्या सतराव्या, म्हणजे महाप्रस्थानिक पर्वात पांडवांच्या अखेरच्या प्रवासाची कथा आली आहे. राज्याचा त्याग करून पाच पांडव व द्रौपदी निघाले, तेव्हा एक श्वान त्यांच्या मागोमाग चालू लागला. वाटेत द्रौपदी, सहदेव, नकुल, अर्जुन व भीम एकामागून एक पडले. धर्मराजांच्या सोबतीस अखेर तो मुका जीवच उरला. इंद्रदेव रथ घेऊन आले आणि श्वानास सोडून रथारूढ होण्यास सांगू लागले. भावांना सोडले, मग श्वानास सोडण्यात अडचण कोणती, असेही त्यांनी विचारले. धर्मराजांचे उत्तर मार्मिक होते. भाऊ व पत्नी मागे राहिले ते मरण पावल्यावर. जिवंतपणी त्यांना अंतर दिले नव्हते. हा जीव मात्र जिवंत आहे आणि विश्वासाने आला आहे. त्याला टाकून मिळणारा स्वर्ग त्यांना नको होता. त्या क्षणी श्वानाच्या ठायी साक्षात धर्मदेव प्रकट झाले.

काही माणसांना श्वानाचा विलक्षण लळा का लागतो, याचे मर्म या कथेत आहे. श्वान धन, कुळ, रूप वा विद्या पाहत नाही. मुले परगावी गेलेल्या वृद्धाची सायंकाळी दारात कोणी वाट पाहत असेल, तर ‘आपण कुणाला तरी हवे आहोत’ ही जाणीव त्याला जगण्याचे बळ देते.

हे नाते फार प्राचीन आहे. जर्मनीतील बॉन शहराजवळ १९१४ साली सापडलेल्या सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या दफनात एक पुरुष व एक स्त्री यांच्यासमवेत श्वानाचेही अवशेष आहेत. श्वान व त्याचा पालक प्रेमाने एकमेकांकडे पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे द्रव्य वाढते, असे जपानी संशोधकांना २०१५ साली आढळले. माता व तान्हे बाळ यांच्या जिव्हाळ्यातही याच द्रव्याचा वाटा असतो.

महाराष्ट्राच्या भक्तिपरंपरेने हा जिव्हाळा देवापाशी नेला. श्रीदत्तात्रेयांच्या चरणांशी असलेले चार श्वान म्हणजे चार वेद, अशी श्रद्धा आहे. श्रीखंडोबाच्या सान्निध्यातही श्वान असतो आणि देवाचे वाघ्ये स्वतःस त्याचे श्वान मानीत आले. श्वानाने भाकरी पळविली तेव्हा ती कोरडी खावी लागू नये म्हणून श्रीनामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा तर घरोघरी सांगितली जाते.

परंतु लळा ही धर्माची केवळ पहिली पायरी होय. पिल्लू गोजिरवाणे असते तेव्हा प्रेम सोपे असते. ते म्हातारे, आंधळे वा आजारी झाले की खरी परीक्षा सुरू होते. जो जीव आपल्या भरवशावर वाढला, त्यास रस्त्यावर सोडून देणे म्हणजे धर्मराजांनी स्वर्गासाठीही जे केले नाही ते सोयीसाठी करणे होय. त्यास वेळच्या वेळी रेबीजची लस टोचणे व योग्य अन्न देणे, ही सेवाच आहे. प्रसादाचा शिरा प्रेमाने भरविताना हेही ध्यानी असावे की मनुके व द्राक्षे श्वानाच्या मूत्रपिंडास अपायकारक ठरू शकतात.

देवदर्शनास येणाऱ्या भाविकाच्या वाटेत पायरीशी निजलेला एखादा श्वान असतो. त्यास लाथ न मारता, दगड न उगारता बाजूने जाणारे पाऊलही देवापर्यंत पोहोचते. मुक्या जीवाचा विश्वास न मोडण्याची सद्बुद्धी सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.