धूर, वाफ आणि तापलेला गोळा

भाषेची परीक्षा हे एक अनुमान असते. एखाद्याला भाषा येते की नाही हे परीक्षकाला डोळ्यांनी दिसत नाही. दिसते ती उत्तरपत्रिका, ऐकू येते ते पाठांतर किंवा बोलणे. डोंगरावरचा धूर पाहून तिथे अग्नी असल्याचे ठरवावे, तसा परीक्षक या खुणेवरून आतल्या ज्ञानापर्यंत जातो. न्यायदर्शनाच्या परिभाषेत धूर हा हेतू आणि अग्नी हे साध्य. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ हा कधीही न चुकणारा संबंध म्हणजे व्याप्ती. परीक्षा समोरासमोर घ्यावी की ऑनलाइन, हा वाद वरवर सोयीचा आणि खर्चाचा वाटतो. मुळात तो व्याप्तीचा आहे: कोणत्या खुणेवरून भाषाज्ञानाचे अनुमान बिनधोक करता येते?

असे अनुमान दोन बाजूंनी फसते. दुरून दिसणारी वाफ धूर समजली गेली, तर अग्नी नसताना तो आहे असे वाटते. उलट, धूर दिसला नाही म्हणून अग्नीच नाही असे म्हणणेही चूक ठरते. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त यासाठी तापलेल्या लोखंडी गोळ्याचे उदाहरण येते. गोळ्यात अग्नी असतो, पण धूर नसतो, कारण धुराला ओले सरपण लागते. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अभ्यासक, या ओल्या सरपणाला उपाधी, म्हणजे लपलेली जादा अट, म्हणतात. भाषा न येता गुण मिळवणारा परीक्षार्थी म्हणजे वाफ, आणि भाषा येत असूनही गुण न मिळवणारा म्हणजे तापलेला गोळा. प्रत्येक परीक्षापद्धतीची या दोघांशी गाठ पडते.

भारतातील सर्वांत कसून घेतली जाणारी तोंडी परीक्षा वेदपाठाची. संहिता, पद, क्रम, जटा आणि घन अशा चढत्या पायऱ्यांनी पाठ सिद्ध होतो. घनपाठात शब्दांचा क्रम एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन असा फिरतो आणि मग तोच खेळ एक शब्द पुढे सरकून पुन्हा सुरू होतो. क्रम उलटला की संधी बदलतो, स्वरांची चढउतारही बदलते. नुसत्या घोकंपट्टीने इथे निभत नाही. प्रत्येक शब्द सुटा करून पुन्हा जोडता यावा लागतो. शलाकापरीक्षेत पोथीच्या पानांत सळई घालत आणि जे पान निघेल तिथून विद्यार्थ्याला म्हणावे किंवा विवरावे लागे. प्रश्न आधी फुटण्याची सोयच नव्हती. वाफेला इथे फारसा वाव राहत नाही.

उच्चारावर एवढा भर देण्यामागे अर्थाची चिंता होती. त्वष्ट्याची कथा त्यासाठीच सांगितली जाते. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्याने यज्ञात ‘इंद्रशत्रु’ हा शब्द उच्चारला. शेवटच्या अक्षरावर उदात्त स्वर असता तर अर्थ ‘इंद्राचा घातक’ असा झाला असता. तो पहिल्या पदावर पडला आणि अर्थ झाला ‘इंद्र ज्याचा घातक आहे तो’. त्यामुळे त्वष्ट्याचा पुत्र वृत्रच मारला गेला. लिहिताना दोन्ही अर्थांची अक्षरे तीच. मराठीतही ‘जग’ हा शब्द कागदावर एकच दिसतो. ‘विश्व’ या अर्थी त्यातला ज तालव्य असतो आणि ‘जगणे’ या क्रियापदात दंततालव्य. हा भेद कानालाच कळतो, लेखी परीक्षेत तो तपासलाच जात नाही. ‘पाणिनीय शिक्षा’ या उच्चारशास्त्राच्या ग्रंथाने लिखित पाहून म्हणणाऱ्याला अधम पाठकांत बसवले आहे, तेही याच कारणाने.

तरी मौखिक परीक्षेचा हेतूही निर्दोष नव्हता. अर्थ न कळता वेद पाठ करणाऱ्याला यास्काच्या निरुक्तात ओझे वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली आहे. पाठ बिनचूक असला तरी आकलन असेलच असे नाही. शिवाय चारचौघांत गांगरणारा, अडखळत बोलणारा विद्यार्थी तापलेल्या गोळ्यासारखा दुर्लक्षित राहतो.

ऑनलाइन परीक्षेत हेतू बदलतो आणि त्याबरोबर उपाधीही. इंग्रजीची टोफेल ही परीक्षा 1964 साली कागदावर सुरू झाली, 1998 मध्ये संगणकावर आणि 2005 मध्ये इंटरनेटवर आली; 2020 च्या महासाथीत ती घरूनही देता येऊ लागली. ड्युओलिंगोच्या इंग्रजी परीक्षेत उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड होतो, चुकले की सोपा. थोड्या प्रश्नांत पातळी हाती लागते. परीक्षकाचा मूड, ओळखदेख, विद्यार्थ्याच्या आडनावावरून होणारे ग्रह यांना इथे थारा नसतो. अनेक तापलेल्या गोळ्यांना त्यामुळे न्याय मिळतो. पण नवी ओली सरपणे आत येतात: वेगवान इंटरनेट, बरा मायक्रोफोन, टंकलेखनाचा सराव, यंत्राच्या ओळखीची उच्चारपद्धत. शेजारी ठेवलेला फोन म्हणजे वाफच, आणि ती ओळखण्यासाठी कॅमेऱ्याची नजर परीक्षार्थीच्या डोळ्यांवर रोखलेली असते.

बहुपर्यायी प्रश्नांची मर्यादा याहून सूक्ष्म आहे. ‘मी भाकरी ___’ या रिकाम्या जागेत मराठी शिकणारा ‘खाल्ली’ हा पर्याय अचूक निवडतो आणि बोलताना ‘मी भाकरी खाल्लो’ म्हणून मोकळा होतो. सर्वनामांचे आणखी अवघड. पुष्कळ मराठी घरांत वडिलांना ‘तुम्ही’ आणि आईला ‘तू’ म्हणतात. आईला ‘तुम्ही’ म्हणणारे वाक्य व्याकरणाने शुद्ध असले, तरी अशा घरात परके वाटते. ते परकेपण समोरच्याच्या चेहऱ्यावर उमटते आणि शिकणारा तिथल्या तिथे सुधारतो. आयएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतली बोलण्याची 11 ते 14 मिनिटांची चाचणी आजही माणूसच घेतो. उत्तरातून प्रश्न काढणारा श्रोता हा तिथला खरा हेतू.

मग अशा संभाषणातही कोणी निर्दोष ठरला, तर त्याला भाषा कळते असे मानावे का? तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी 1980 मध्ये चिनी खोलीची कल्पना मांडली. खोलीतला माणूस नियमपुस्तक पाहून चिनी प्रश्नांना चिनी उत्तरे देतो, बाहेरच्यांना तो चिनी जाणणारा वाटतो, प्रत्यक्षात त्याला एक अक्षर कळत नाही. सर्ल यांच्या मते उत्तर कितीही बिनचूक असले, तरी त्यातून अर्थबोध सिद्ध होत नाही. म्हणजे यास्काचा खांब इथे यंत्राच्या रूपात पुन्हा उभा राहतो.

नैयायिकांचे उत्तर वेगळ्या दिशेने जाते. त्यांच्या मते ज्ञानाचे खरेपण ज्ञानातूनच कळत नाही, ते प्रवृत्तिसामर्थ्याने, म्हणजे कृतीच्या सफलतेने कळते. समोर दिसते ते पाणी की मृगजळ, हा संशय तिथे जाऊन तहान भागली की मिटतो. भाषेची तहान भागते ती बाजारात भाव ठरवताना, दवाखान्यात दुखणे सांगताना, थट्टेला थट्टेने उत्तर देताना. परीक्षा, मग ती शलाकेची असो वा पडद्यावरची, या घटनेच्या अलीकडे थांबते. तिचे प्रमाणपत्र हे अनुमान आहे आणि ते तिने तपासलेल्या हेतूपुरतेच खरे. उच्चार हवा तिथे कान लागतो, वाचन हवे तिथे पडदा पुरतो, व्यवहार हवा तिथे माणूस समोर बसवावा लागतो.