मंदावलेली मोअर आणि शेषवत् अनुमान

कार्य डोळ्यांसमोर आहे, कारण दिसत नाही. अशा वेळी कार्यावरून कारणाकडे जाणारे ज्ञान प्रमाण मानावे का, हा न्यायदर्शनातला जुना वाद आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमानाचे पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट असे तीन प्रकार येतात. त्यांतले शेषवत् दुरुस्ती करणाऱ्याच्या रोजच्या कामाचे. वात्स्यायनाच्या भाष्यात त्याचे दोन अर्थ सापडतात. एक, कार्यावरून कारण ओळखणे: नदीला पूर आला, तेव्हा वर पाऊस झाला असणार. दुसरा परिशेष, म्हणजे संभाव्य पर्याय एकेक करून बाद करणे आणि उरेल तो स्वीकारणे. शब्द हा द्रव्य नव्हे, कर्म नव्हे, म्हणून गुण, हे भाष्यकार असेच ठरवतो.

या दोन्ही वाटा किती भार पेलतात, हे अमेरिकेत घराभोवतीचे मोठे लॉन कापायला वापरतात त्या, बसून चालवायच्या मोअरवर चांगले तपासता येते. तक्रार नेहमीची असते: इंजिन जोरात चालते, पाती फिरतात, गाडी मात्र रांगते. इंजिनाखालच्या पुलीवरून एक पट्टा मागे ट्रान्समिशनकडे जातो. स्प्रिंगने ओढलेली एक पुली त्याला ताण देते. हायड्रोस्टॅटिक ट्रान्समिशनमध्ये पंप तेलाला दाब देतो आणि त्या तेलावर फिरणारी मोटर गिअरमार्फत मागची चाके चालवते. पेडल दाबले की पंपातल्या तिरक्या तबकडीचा कोन वाढतो, तेल जास्त वाहते, वेग वाढतो. यातला कोणताही दुवा ढिला पडला तरी बसणाऱ्याला जाणवते ते एकच: गाडी मंदावली.

पूर्वपक्षाचा आक्षेप नेमका इथेच आहे, आणि तो न्यायसूत्रांनी स्वतःच नोंदवला आहे. नदी पावसाने फुगते तशी पुढे अडवल्यानेही फुगते. मुंग्या अंडी घेऊन निघतात त्या पावसाच्या चाहुलीने, तशाच वारूळ मोडल्यानेही. मोराचा आवाज माणूसही काढू शकतो. मग चिन्हावर विसंबायचे कसे? सूत्रकार आणि भाष्यकार यांचे उत्तर असे की दोष अनुमानाचा नाही, अर्धवट पाहणाऱ्याचा आहे. अडलेले पाणी आणि पावसाचा पूर या वेगळ्या गोष्टी आहेत. पुराच्या पाण्याला ओढ असते, त्यावर फेस असतो, पाने आणि लाकडे वाहत येतात.

मोअरबाबत हे उत्तर शब्दशः लागू पडते. ‘वेग कमी झाला’ एवढे म्हणणे म्हणजे चिन्ह वाचणे नव्हे. सुरुवातीला ठीक, अर्ध्या तासाने चढावर दम सुटतो आणि थंड झाल्यावर पुन्हा ठीक, असे असेल तर संशय तापून पातळ झालेल्या तेलावर आणि झिजलेल्या पंपावर जातो. थंड असतानाही, सपाट जमिनीवरही संथ असेल, तर पेडलची जोडणी, अडकलेला ब्रेक किंवा गाडी ढकलण्यासाठी असलेला आणि पुरता मिटला न गेलेला बायपासचा दांडा आधी पाहावा. तेल बदलल्यानंतर गाडी धक्के देत, कण्हत चालत असेल तर तेलात हवा शिरलेली असते. चढावर पट्टा किंचाळत असेल तर पट्टा किंवा स्प्रिंग.

पट्टा पाहायचा तो चावी काढून, स्पार्क प्लगची वायर सोडवून. व्ही-पट्टा पुलीला धरतो तो आपल्या दोन्ही बाजूंनी. त्या बाजू काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील, किंवा झिजून पट्टा खाचेच्या तळाला टेकत असेल, तर वरून धडधाकट दिसला तरी तो घसरतो. ‘पाती नीट फिरतात, म्हणजे पट्टा चांगला’ हा तर्क वारंवार ऐकू येतो आणि तो सरळ हेत्वाभास आहे: बहुतेक मोअरमध्ये पात्यांचा पट्टा वेगळा असतो.

आधी घडले तेच कारण, ही समजूतही अशीच फसवी. कुंभाराकडे माती वाहून आणणारे गाढव घडा होण्याआधी हजर असते, पण नैयायिक त्याला घड्याचे कारण म्हणत नाहीत, ते अन्यथासिद्ध, म्हणजे कार्यासाठी अनावश्यक. गेल्या आठवड्यात पात्यांना धार लावली आणि गाडी मंदावली, यातली धार बहुधा त्या गाढवाच्या जागी असते. मात्र त्या कामासाठी पात्यांचा सांगाडा उतरवताना शेजारची एखादी जोडणी हलली असेल, तर ती तपासायलाच हवी.

परिशेषाची बाजू अधिक कच्ची आहे. बाद करण्याची पद्धत यादी पुरी असेल तरच चालते, आणि बिघाड एकच असेल तरच. जॉन स्टुअर्ट मिलने 1843 च्या आपल्या तर्कग्रंथात एकाच कार्याची अनेक कारणे असू शकतात हे मान्य करून स्वतःच्याच पद्धतींवर ही मर्यादा घातली. गळक्या सीलमधले तेल पट्ट्यावर उडत असेल, तर दोष दोन्हीकडे असतो. एकाला निर्दोष ठरवून दुसऱ्याला पकडणे तिथे जमत नाही.

उरतो अन्वय-व्यतिरेक. नवा पट्टा घातला, वेग आला: हा अन्वय. जुना परत घालून वेग गेला का, हा व्यतिरेक, सहसा कोणी पाहत नाही. शिवाय पट्टा बदलताना पुली पुसली जाते, स्प्रिंग पुन्हा नीट अडकवली जाते. म्हणून काटेकोरपणे सिद्ध होते ते एवढेच की त्या कामांपैकी कशाने तरी गुण आला. उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत शंकेला मर्यादा घातली ती व्याघाताची: ज्या शंकेशी माणसाचे स्वतःचेच वागणे विसंगत ठरते, ती पुढे ताणता येत नाही. त्याच चढावर, तेवढीच तापल्यावरही मोअर पूर्वीच्या वेगाने चढत असेल, तर तपास थांबवणे रास्त आहे. तक्रार थोड्याच दिवसांत परतली, तर मात्र तिसरा पट्टा विकत आणू नये. आधी स्प्रिंग आणि तिची पुली तपासावी.