आरोळीचे वाटेकरी

१३ जून २०१९ ची संध्याकाळ. मी तेव्हा कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला मुलाकडे होतो. बेळगावहून गेलेल्या माणसाला तिथे करमणार नाही अशी भीती होती, पण सकाळी फिरायला निघाले की दोन गल्ल्यांत चार मराठी नमस्कार पदरात पडत. त्या संध्याकाळी मात्र दिवाणखान्यात येऊन बसलेला पाहुणा मराठी नव्हता. शेजारच्या घरातले हे गृहस्थ जन्माने ओकलंडचे. उभी हयात बस चालवून निवृत्त झालेले आणि घरभाडे परवडेना म्हणून मुलीकडे राहायला आलेले. टीव्हीवर बास्केटबॉलची अंतिम लढत चालली होती. गोल्डन स्टेट वॉरियर्स विरुद्ध टोरांटो, आणि सामना ओकलंडच्या ऑरॅकल अरीनामध्ये.

मला खेळातले फारसे कळत नाही. पण एक प्रसंग अजून डोळ्यांपुढे आहे. क्ले थॉम्पसन हा खेळाडू गुडघा धरून कोसळला. त्याला आत नेले, आणि मग तो लंगडत परत आला. नियमाप्रमाणे मिळालेले दोन फ्री थ्रो त्याने मारले, दोन्ही बरोबर जाळ्यात. त्या क्षणी क्रीडागृहातून जी आरोळी उठली तिने आमच्या टीव्हीचे कपाट थरथरल्यासारखे वाटले. सामना शेवटी वॉरियर्स हरले, ११४-११०. मी शेजाऱ्यांना म्हणालो, ‘‘पुढच्या वर्षी जिंकतील.’’ ते म्हणाले, ‘‘जिंकतील. पण पुढच्या वर्षी ते पुलापलीकडे असतील.’’

त्याचा अर्थ मला नातवाने समजावून सांगितला. हा संघ १९७१ पासून ओकलंडच्या त्या क्रीडागृहात खेळत होता. क्रीडागृह त्याहून जुने, १९६६ चे. आता खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोत चेस सेंटर नावाचे नवे क्रीडागृह उभे राहिले होते. खर्च सुमारे १४० कोटी डॉलर. जुन्यात १९,५९६ माणसे बसत, नव्यात १८,०६४. म्हणजे वास्तू मोठी आणि जागा दीड हजारांनी कमी. वार्षिक तिकीट हवे तर आधी सभासद व्हायचे, त्यासाठी जागेप्रमाणे हजारो डॉलर एकरकमी भरायचे, आणि मग दरवर्षीच्या तिकिटांचे पैसे वेगळे. ही रक्कम संघ तीस वर्षांनी परत करणार, बिनव्याजी.

मी बँकेतला माणूस. ‘बिनव्याजी’ हा शब्द ऐकला की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. दहा हजार डॉलर तीस वर्षे पाच टक्क्यांनी ठेवले तर त्रेचाळीस हजारांवर जातात. महागाई तीन टक्के धरली तर तीस वर्षांनी परत मिळणाऱ्या दहा हजारांची आजची किंमत चार हजारांच्या थोडी वर. आमच्या शाखेत असे कर्ज मागायला कुणी आले असते तर व्यवस्थापकांनी त्याला चहा पाजून वाटेला लावले असते. इथे लोक रांगेत उभे होते. शेजाऱ्यांना मी हा हिशेब दाखवला तर ते हसून म्हणाले, ‘‘पैसे परत मिळतील तेव्हा मी शंभरीला टेकलेला असेन.’’ जुन्या क्रीडागृहात त्यांची जागा अगदी वरच्या मजल्यावर, छताखाली होती. बस चालवणाऱ्याच्या पगारात ती बसत होती.

त्या रात्री जेवताना मी म्हणालो, ‘‘हा अन्याय आहे.’’ मुलाने चमचा खाली ठेवला. ‘‘बाबा, कुणावर? जमीन त्यांची, पैसा त्यांचा. बांधकामासाठी शहराच्या तिजोरीवर त्यांनी भार टाकला नाही. जागा अठरा हजार आणि पाहायला येणारे लाखो. भाव कमी ठेवला तर तिकीट काळ्या बाजारात जाणार आणि फायदा दलालाला होणार. मग तो मालकाने का घेऊ नये?’’

खरे सांगायचे तर मला उत्तर सुचले नाही, आणि आजही त्यातले बरेचसे मला मान्य आहे. सॅक्रामेंटोचे उदाहरण वेगळे. तिथला संघ २०१३ मध्ये गाव सोडून निघाला होता. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांच्या गटाने तो विकत घेतला, आणि २०१६ मध्ये उघडलेल्या नव्या क्रीडागृहासाठी शहराने साडेपंचवीस कोटी डॉलरचा वाटा उचलला. तिथला नागरिक निदान म्हणू शकतो, माझ्या घामाचा पैसा यात आहे, वरच्या कोपऱ्यातली एक खुर्ची मला परवडेल असे बघा. ओकलंडच्या बसचालकाने काय म्हणावे?

बँकेत चिकटण्यापूर्वी मी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतले होते. त्या दिवसांची एक गोष्ट आठवली. रॉबर्ट नोझिक नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७४ साली एक युक्तिवाद मांडला. समजा, समाजातली सगळी संपत्ती तुम्हाला न्याय्य वाटते तशी वाटून टाकली. मग विल्ट चेंबरलेन हा बास्केटबॉलपटू करार करतो की आपल्या सामन्याच्या दर तिकिटातले २५ सेंट आपले. दहा लाख लोक आनंदाने येतात, त्याच्या नावाच्या पेटीत नाणे टाकतात, आणि मोसमाअखेर त्याच्याकडे अडीच लाख डॉलर जमतात. आधीची वाटणी न्याय्य, मधला प्रत्येक व्यवहार राजीखुशीचा, मग शेवटी अन्याय आला कुठून? गंमत अशी की हा चेंबरलेन खऱ्या आयुष्यात याच वॉरियर्सचा खेळाडू. संघ १९६२ मध्ये फिलाडेल्फियाहून सॅन फ्रान्सिस्कोला आला तेव्हा तोही बरोबर आला होता.

नोझिकच्या पेटीवर जी. ए. कोहेन यांनी हरकत घेतली. नाणे टाकणारा फक्त समोरच्या खेळाचा विचार करतो. अशी नाणी एका हातात साठली की त्या हाताला जे बळ येते ते उद्या आपल्याला आणि आपल्या पोरांना कुठे नेऊन ठेवील, हे त्याच्या मनातही येत नाही. हरकत योग्यच आहे. पण माझे मन दुसरीकडेच अडकले. त्या क्रीडागृहाच्या दारात पेटी एकच होती का?

२००७ ची हकीकत मी नंतर वाचली. तोवर वॉरियर्स ओळीने बारा मोसम बाद फेरीत पोचले नव्हते. बारा वर्षे माणसे पैसे देऊन हरणे पाहायला जात होती. त्या वर्षी संघ कसाबसा आठव्या क्रमांकाने आत शिरला आणि पहिल्या क्रमांकाच्या डॅलसला त्याने घरी पाठवले. तेव्हाची ‘आमचा विश्वास आहे’ ही घोषणा संघाच्या कचेरीत जन्मली नव्हती. एका साध्या प्रेक्षकाने फलक करून वाटले, आणि संघाने ती मागाहून उचलली. त्या क्रीडागृहाचा गोंगाट पुढे साऱ्या अमेरिकेत नावाजला गेला. दूरदर्शनचे हक्क विकताना, पेयाच्या कंपनीला पाटी विकताना, खुर्चीचा भाव ठरवताना या गोंगाटालाही मोल होतेच. हे मोल त्या पेटीत कुणी टाकले? ज्याने टाकले त्याच्याकडे पासबुक नाही.

असे म्हटले की मुलगा म्हणतो, ‘‘बाबा, ओरडायला त्यांना कुणी सांगितले होते? त्यांनी मजा घेतली, हिशेब मिटला.’’ मीही एकदा हेच म्हटले होते. ते सांगितल्याशिवाय हा लेख पुढे सरकणार नाही.

तीस वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका गावात मी बँकेच्या शाखेत होतो. यात्रेत तिथे कुस्त्यांचे मैदान भरे. बँकेचा माणूस म्हणून खजिनदारी माझ्या गळ्यात. रिवाज असा की घरोघर वर्गणी गोळा करायची, पैसा नसेल त्याने धान्य द्यायचे, आणि मैदान सर्वांना मोकळे. हौद्याभोवती लोक मातीतच बसत. त्या वर्षी कोल्हापूरकडचा एक नामांकित मल्ल आणायचे ठरले. इनामाचा आकडा मोठा. मीच बैठकीत सुचवले की पुढे दोरी बांधून खुर्च्या टाकू आणि खुर्चीला तिकीट लावू. बेळगावातून, निपाणीतून माणसे मोटारी घेऊन आली. वर्गणीत दहा वर्षांत जमली नसेल एवढी रक्कम एका दिवसात जमली. माझा सत्कार झाला, नारळ आणि फेटा.

यात्रेनंतर आठवड्याने एक म्हातारा बँकेत आला. खिडकीशी उभा राहून म्हणाला, ‘‘सायेब, माझं पायलीभर जोंधळं परत द्या की ओ. आमास्नी कुस्ती दिसलीच न्हाई.’’ मी हसलो. म्हटले, ‘‘आजोबा, वर्गणीची पावती आहे, त्यावर जागा कुठे लिहिली आहे?’’ तो काही बोलला नाही. भरणा करायला आलेली माणसे खाली बघत उभी राहिली. पुढच्या वर्षी त्या वाड्यातून वर्गणी आली नाही. मैदान झाले, मल्ल आले, पण हलगी वाजली तरी मागून उठणारी ती हाळी उठेना. खुर्च्यांवरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. हौद्यातल्या पोरांनाही ते जाणवले असावे. दोनदा मान वळवून ती मागे बघत होती.

म्हाताऱ्याचे जोंधळे पावतीत नव्हते, पण हिशेबात होते. एवढे मला खजिनदार असून कळले नाही.

कागदावर असते ते मात्र सुटत नाही. १९९६ च्या सुमारास ओकलंडचे जुने क्रीडागृह नव्याने बांधून काढताना सार्वजनिक रोखे काढले होते. संघ म्हणाला, आम्ही गाव सोडले की आमची देणी संपली. ओकलंड भांडले. लवादाने निकाल संघाच्या विरुद्ध दिला, कोर्टांनी तो उचलून धरला, आणि सुमारे चार कोटी डॉलर भरण्याची जबाबदारी संघावर राहिली. म्हणजे सिमेंटचे देणे गाव सोडल्याने फिटत नाही. आरोळीचे फिटते.

मालकांना आरोळीचे मोल कळत नाही असे मात्र कुणी समजू नये. करोनाच्या काळात प्रेक्षकांवाचून सामने झाले तेव्हा रिकाम्या खुर्च्यांपुढे ध्वनिमुद्रित आरोळ्या लावल्या गेल्या. २०२४ मध्ये लॉस एंजलीसजवळ इंगलवुडला क्लिपर्स संघाचे सुमारे दोनशे कोटी डॉलरचे क्रीडागृह उघडले. त्यात एका बाजूला सलग ५१ ओळींची भिंत रचली आहे, ‘द वॉल’ याच नावाची. तिथे बसणाऱ्याने प्रतिस्पर्ध्याच्या रंगाचे कपडे घालायचे नाहीत, आपल्या संघासाठी ओरडायचे. कल्पना चांगली आहे. तरी मला ती जरा बोचते. ओकलंडला जे आपोआप उगवले होते ते इथे वाफे आखून लावले आहे. आणि ४ ऑक्टोबर २०१९ ला याच लीगचा सामना पहिल्यांदा मुंबईत झाला, सॅक्रामेंटो विरुद्ध इंडियाना, तेव्हा पहिल्या दिवशी खुर्च्यांवर तीनेक हजार शाळकरी पोरे बसवली होती. फुकट. पोरांनी वरळीचे ते सभागृह डोक्यावर घेतले असणार, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण पेरणीच्या वेळी बियाणे फुकट वाटता येते, मग राखणीला जागलेल्याला कापणीच्या दिवशी बांधावर का उभे करायचे, हे कुणीतरी सांगायला हवे.

मी काय मागतो आहे, हे मला नीट सांगता येत नाही. मालकी मागत नाही. पुढची खुर्चीही नाही. ज्याने पडत्या काळात आशा लावून धरली त्याचा त्या आशेच्या उत्पन्नात वाटा असावा, मग तो छताखालच्या दोन-चार हजार जागांचा का असेना, आणि तो दयेने दिलेला नसावा. बाजारभावाने तिकीट त्यालाच मिळते ज्याला त्याची सर्वांत जास्त ओढ आहे, असे अर्थशास्त्री म्हणतात. ओढ मोजायला त्यांच्याकडे पैशाशिवाय माप नाही. शेजाऱ्यांनी पगाराचा जेवढा हिस्सा वर्षानुवर्षे त्या छताखालच्या जागेवर घातला, तेवढा हिस्सा आज पहिल्या ओळीतल्या कितीजणांनी घातला असेल? मुलगा यावर म्हणतो, मग हिस्सेदार ठरवायचे कुणी, आणि खोटे हिस्सेदार कसे वगळायचे? तोही प्रश्न खराच आहे. मैदानाच्या वेळी आम्हाला कुणाला वगळावे लागले नव्हते, कारण गाव लहान होते.

२०२२ मध्ये वॉरियर्स पुन्हा विजेते झाले. आधीच्या तीन विजयांच्या मिरवणुका ओकलंडला निघाल्या होत्या, ही सॅन फ्रान्सिस्कोत निघाली. २०२३ च्या मार्चमध्ये मी परत तिकडे होतो. मुलाने, माझ्या तक्रारींना कंटाळून असेल, चेस सेंटरची वरच्या ओळीतली चार तिकिटे काढली. किंमत त्याने मला सांगितली नाही, सूनबाईने सांगितली. चौथे तिकीट शेजाऱ्यांसाठी होते. त्यांनी आभार मानले आणि गुडघ्याचे कारण सांगितले. सूनबाईच मग चौथी झाली. क्रीडागृह देखणे आहे, खोटे कशाला बोलू. खाली माणसे मध्यंतर संपला तरी खाण्यापिण्याच्या दालनांतून सावकाश परतत होती. आमच्या ओळीत एक जोडपे दोन लहान पोरांना घेऊन आले होते, आणि ती चौघे पहिल्या मिनिटापासून उभीच होती. नातवाचा घसा त्यांच्याबरोबर बसला.

दुसऱ्या दिवशी शेजारी कुंपणापाशी टोमॅटोची रोपे लावत होते. त्यांनी कोण जिंकले हे विचारले नाही. ते त्यांना माहीत होते. विचारले, ‘‘आवाज होता?’’

‘‘होता,’’ मी म्हणालो.

‘‘वरून की खालून?’’

मला क्षणभर आठवावे लागले. ‘‘वरून.’’

‘‘हं,’’ ते म्हणाले, आणि रोपाभोवतीची माती दाबू लागले.