डब्यावरची नावं

आमचा धाकटा पुतण्या धनजला घरी बसून संगणक बनवतो आहे. दुकानात मिळतो तसा नव्हे, तो घ्यायला कारंजा जवळ आहे. हा जुन्या घाटाचा. 1976 साली बाजारात आलेल्या, चाळीस पायांच्या ‘झेड-80’ या चिपभोवती तार-तार जोडून केलेला. ती मूळ चिप बंद होणार असं कंपनीनं 2024 साली जाहीर केलं, तेव्हा चिरंजीवांनी जवळजवळ सुतकच पाळलं.

“याचा नकाशा कुठं आहे रे?” मी विचारलं.

“नकाशा कायले पाह्यजे काका? डोक्यात आहे नं सारा!”

आता, हौसेनं राबणाऱ्याकडे कागद मागण्याचा आपल्याला काय अधिकार? कागद मागितला असता तर हे यंत्र सुरूच झालं नसतं. घराचा आराखडा मनासारखा होईस्तोवर भाड्याच्या खोलीत म्हातारी झालेली माणसं मी पाहिली आहेत. शिवाय पुतण्याकडे दाखले तयार. पलीकडच्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर महासंगणक करतात, मग मी हा एवढासा करू नये? करावा की! पण पुण्याचं सी-डॅक 1988 साली निघालं ते मुदत बांधून घेऊनच, म्हणून 1991 साली ‘परम 8000’ उभा राहिला. मग त्यानं ‘ॲपल-1’वाला वॉझ्नियाक काढला. हा वॉझ्नियाक पोरवयात चिपा घ्यायला पैसे नाहीत म्हणून वर्षानुवर्षं संगणक कागदावरच काढत बसे. हे सांगितल्यावर पुतण्यानं चहा मागवला.

चहा पिता पिता त्यानं एक गंमत दाखवली. साध्या रॅमला पत्त्याच्या तारा जोडताना दोन तारांची अदलाबदल झाली होती, तरी यंत्र बिनतक्रार चालत होतं! कारण तिथं लिहिणारं तेच, वाचणारं तेच. चुकीच्या खणात ठेवलं, त्याच खणातून काढलं. रॉमचं तसं नाही. तिच्यातला मजकूर बाहेरून भरून आलेला असतो. तिथं तार चुकली की यंत्राला धड हुकूमच सापडत नाही.

वहिनींचं स्वयंपाकघर हे रॅमच. चहाच्या डब्यात जिरं, साखरेच्या डब्यात खडेमीठ, पण वहिनींचा हात कधी चुकला नाही. मग थोरली सून आली आणि पहिल्याच दिवशी पाहुण्यांच्या चहात मीठ पडलं. दोष सुनेचा नव्हता, हे वहिनी अजून कबूल करत नाहीत.

माझं म्हणणं एवढंच, की एकट्यापुरती हौस असेल तर कागद नसला तरी कुणाचं काही जात नाही. पण गावातल्या तीन पोरांनी “आमालेबी असाच करून दे” म्हणून पुतण्याच्या हातात पैसे ठेवले आहेत. एकाचे बापाच्या सोयाबीनचे आहेत. उद्या त्या पोराचं यंत्र बंद पडलं आणि पुतण्या पुण्याला नोकरीला गेलेला असला, तर त्यानं कुणाचं डोकं उघडून पाहायचं?

हे मी बोललो तेव्हा पुतण्या गप्प बसला. दुसऱ्या दिवशी शंभरपानी वही घेऊन आपल्याच यंत्रासमोर मांडी घातली. कोणती तार कुठून कुठं गेली ते उतरवणं चालू आहे. आठवडा झाला. निळी तार संपल्यावर त्यानं हिरवी लावली होती, आणि हिरवी संपल्यावर हाताला येईल ती.