दुसरा पुरवठादार

नागपुरात अभियांत्रिकी शिकत असताना प्रयोगशाळेतील एकाच लाकडी टेबलावर मायक्रोप्रोसेसरचे दोन किट मांडलेले असत. एकात इंटेलचा ८०८५, दुसऱ्यात झायलॉगचा झेड-८०. आज्ञा म्हणून ८० भरले की दोन्ही बेरीज करीत, ७६ भरले की दोन्ही थांबत. परंतु ३ई या आज्ञेला इंटेलच्या पुस्तिकेत ‘एमव्हीआय’ आणि झायलॉगच्या पुस्तिकेत ‘एलडी’ म्हटलेले पाहून, अर्थ एकच असताना नावे दोन कशासाठी, हा प्रश्न माझ्या मनात जो घर करून राहिला, त्यानेच मला चिप-उद्योगाच्या पूर्वेतिहासाकडे नेले.

त्या इतिहासाच्या मुळाशी एक करारनामा आहे. १९७१ साली इंटेलने बाजारात आणलेला ४००४ मुळात बुसिकॉम या जपानी गणकयंत्र कंपनीसाठी घडविलेला होता, आणि तो इतरांस विकण्याची मुभा इंटेलला वाटाघाटी करून मिळवावी लागली; म्हणजे चिप ही आरंभी एकाच गिऱ्हाइकाच्या हक्काची वस्तू होती. तिच्या रचनेत अग्रभागी असलेले फेदेरिको फाजिन १९७४ साली इंटेल सोडून गेले, त्यांनी झायलॉग उभी केली, आणि १९७६ चा त्यांचा झेड-८० हा, ८०८५ चा पूर्वज असलेल्या इंटेलच्या ८०८० साठी लिहिलेले प्रोग्रॅम चालवू लागला; आज्ञांच्या नावांवर इंटेलचा दावा असल्याने नावे तेवढी नवी घडवावी लागली. ६५०२ या २५ डॉलरच्या प्रतिस्पर्धी चिपने किमतीची झुंज लावली खरी, पण फाजिन यांची चाल मला अधिक मूलगामी वाटते, कारण प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचे श्रम चिप बनविणाऱ्याच्या दावणीला बांधलेले राहू नयेत, हा विचार तिच्यामुळे चिपच्या बाजारात रुजला.

१९८१ च्या वैयक्तिक संगणकासाठी ८०८८ निवडताना आयबीएमने या विचाराला अटीचे रूप दिले: माल पुरविणारा दुसरा कोणी असलाच पाहिजे. त्यानुसार इंटेलने १९८२ साली एएमडी या कंपनीशी करार केला. पुढे ३८६ या चिपचा मक्ता मात्र स्वतःपाशीच ठेवला, आणि प्रकरण लवादापुढे व न्यायालयात गेले.

एकाच पुरवठादारावर विसंबण्याची हीच विवंचना आपल्या दारीही आली. अकोला जिल्ह्यात जन्मलेले आणि १९६५ साली, म्हणजे ४००४ च्या सहा वर्षे आधी, नागपुरातून अभियांत्रिकीची पदवी घेतलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ साली सिद्ध केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्युटरवर, शेजारच्या चिपांशी थेट बोलण्यासाठी प्रत्येकी चार दुवे असलेल्या त्या विलक्षण चिपवर, उभा होता. अमेरिकेकडून हवा तसा क्रे महासंगणक मिळेना, म्हणून हा मार्ग धरला होता. पण इनमॉस १९८९ सालीच दुसऱ्या कंपनीच्या हाती गेली होती, आणि ट्रान्सप्युटरची पुढची पिढी रखडली. ज्या चिपवर देशाची आशा बेतलेली, तिचेच भवितव्य दूरच्या बाजारात ठरावे, याचे मला आजही वाईट वाटते. म्हणूनच १९९४ च्या ‘परम ९०००’ मध्ये प्रोसेसर बदलता यावा, अशी तजवीज रचनेतच केली गेली: एका आवृत्तीत सनचा सुपरस्पार्क, दुसरीत अल्ट्रास्पार्क, तिसरीत डिजिटलचा अल्फा.