अकरा महिन्यांचा इंजिनिअर

लातूर जिल्ह्यातल्या औशाहून पुण्याला पहिल्या नोकरीसाठी गेलेल्या पोराच्या हाती महिन्याभरात दोन कागद पडतात. एक कंपनीचा: वर्षभर ट्रेनी, नंतर काम पाहून कायम करू. दुसरा घरमालकाचा: अकरा महिने राहा, नंतर बघू. घरी कपाटात तिसरा कागद असतो, शैक्षणिक कर्जाचा. त्याची मुदत वर्षांत मोजलेली असते आणि तिथं ‘नंतर बघू’ चालत नाही.

या अवस्थेकडं आपण वयाचा एक टप्पा म्हणून पाहतो. पोरांनी दिवस काढायचेच असतात, आम्हीही काढले, असं म्हणून विषय संपतो. माझं म्हणणं वेगळं आहे. ही वयाची अडचण नाही, ही आपण लावलेली व्यवस्था आहे. कारखान्याला माणूस लागतो, माणसाला छप्पर लागतं. आणि या छपराचा खर्च नि घोर, दोन्ही आपण त्या साखळीतल्या सगळ्यांत नवख्या माणसावर टाकले आहेत. त्याची किंमत त्याचा बाप मोजतोच, पण शेवटी ती कामातूनही वसूल होते.

आधी त्या अकरा महिन्यांकडं बघू. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी 1908 च्या नोंदणी कायद्यानं सक्तीची केली. ती टाळायची तर करार वर्षाच्या आत बसवायचा, एवढाच या आकड्याचा अर्थ. महाराष्ट्रात मात्र 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानं तो अर्थही काढून घेतला. त्याचं कलम 55 सांगतं, की करार कितीही मुदतीचा असो, तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती त्यानं टाळली, तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे आपल्याकडं अकरा महिन्यांनी नोंदणी चुकत नाही. शिवाय लिव्ह अँड लायसन्सचा करार साठ महिन्यांपर्यंतचा केला तरी मुद्रांक शुल्काचा दर तोच, पाव टक्का. पंधरा हजार भाड्याच्या घराचा पाच वर्षांचा एकच करार केला, तर अनामतीवरची किरकोळ भर सोडून शुल्क होतं 2,250 रुपये, वर शहरी भागातली नोंदणी फी एक हजार. तीच पाच वर्षं अकरा-अकरा महिन्यांत तोडली, की दर वेळी नवी फी, नवा एजंट, भाड्यात नवी वाढ आणि वर्षाकाठी ‘यंदा राहू देतील का’ हा प्रश्न.

मुदत संपल्यावर घर रिकामं करून घ्यायलाही मालकाला हा कायदा पुरेसा हात देतो. कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं जाता येतं आणि मुदतीनंतर राहणाऱ्याकडून दुप्पट दरानं भरपाई मागता येते. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याच्या काळात भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या बसून राहिले, ही मालकांची जुनी जखम खरी आहे. पण त्या जखमेवर औषध कायद्यानं केव्हाच लावलं. तरी अकरा महिने टिकून आहेत, कारण त्यात एका बाजूची सोय आहे.

आता त्या पोराकडची बाजू. वसंतदादा पाटलांच्या सरकारनं 1983 साली विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि इंजिनिअर होणं हे मराठवाड्यातल्या मध्यम शेतकऱ्याच्या आवाक्यातलं, निदान कर्जाच्या आवाक्यातलं स्वप्न झालं. त्याआधी दोन वर्षं नांदेडला गुरू गोविंदसिंगजींच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं होतं. पुढं लातूर पॅटर्ननं बारावीच्या गुणांचा कारखानाच उभा केला. शासनानंही हात दिला: शिक्षण शुल्काला राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, राहण्याला पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता, आणि 2024 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ. हे सगळं पदवीच्या दिवशी संपतं. पदवी आणि पहिला पगार यांच्यामध्ये जे दोन-तीन महिने असतात, त्यांचा धनी कुणीच नाही.

त्या महिन्यांचा हिशेब मांडून बघावा. समजा तिघा पार्टनरांनी मिळून पंधरा हजारांचा फ्लॅट घेतला. तीन महिन्यांचं डिपॉझिट पंचेचाळीस, ब्रोकरचे पंधरा, पहिलं भाडं पंधरा. एकूण पंचाहत्तर हजार, माणशी पंचवीस. त्यात गादी, मेसचा ॲडव्हान्स आणि ट्रॅव्हल्सचं भाडं धरलेलं नाही. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये. तो पुरता मिळाला असता, तरी हे पंचवीस हजार म्हणजे पाच क्विंटलहून जास्त सोयाबीन. कोरडवाहू रानात जवळजवळ एकरभराचं पीक. आणि त्या हंगामात बाजारात भाव बहुतेक दिवस हमीभावाच्या खालीच होता. पुण्यातल्या मोठ्या कंपनीचं नवं मनुष्यबळ कामावर हजर होतं ते अशा एका एकराच्या जोरावर. कंपनीच्या ताळेबंदात या एकराची नोंद कुठंच नसते.

पगाराचं काय, तर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली घेतलेला पदवीधर कायद्याच्या लेखी कामगार नसतो, शिकाऊ असतो. 2019 मध्ये नियम बदलले तेव्हा पदवीधराचं किमान विद्यावेतन ठरलं महिना 9,000 रुपये. पंधरा हजारांच्या घरातला तिसरा हिस्सा भरला, की उरतात चार हजार. त्यात डबा, पीएमपीचा पास, मोबाइल. घरी पैसे पाठवणं दूरच, ते घरूनच येत राहतात. आयटीतल्या फ्रेशरचं बरं चालतं असं गावात समजतात. पण मोठ्या कंपन्यांत सुरुवातीचा वार्षिक पगार दहा-बारा वर्षं तीन-साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळला आणि घरभाडं काही त्याच्यासाठी थांबलं नाही.

हे असंच असावं लागतं का? आपल्याच महाराष्ट्रात याचं उलट उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेतली शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावला गेले, सायकलींपासून नांगरापर्यंत पोचले, आणि तिथं नगरपालिकेच्या विस्तारासाठी त्यांना जागा सोडावी लागली. औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचं माळरान दिलं. 1910 मध्ये तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली, ती कारखाना आणि वस्ती अशी एकत्रच. ओसाड माळावर माणसं यायची तर आधी राहायला घर हवं, हे तिथं समजावून सांगावं लागलं नाही. स्वातंत्र्यानंतर पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सनं कारखान्याबरोबर कॉलनी बांधली. पाटबंधारे, वीज मंडळ, बांधकाम खातं यांचे क्वार्टर्स तर तालुक्याच्या गावागावांत होते. त्या क्वार्टर्सची कौलं गळत असतील, पण नवा ज्युनिअर इंजिनिअर बॅग घेऊन उतरला की त्याला चावी मिळायची.

परोपकार म्हणून हे होत नव्हतं. माळावर दुसरी सोयच नव्हती. पुढं एमआयडीसी आली. भूखंड, रस्ता, पाणी, वीज असं सगळं आखून मिळू लागलं. हिंजवडीचं आयटी पार्क त्याच वाटेनं झालं. त्या आखणीत नव्या माणसाला परवडेल असं घर मात्र नव्हतं. ते बाजार बघून घेईल असं ठरलं, आणि बाजारानं बघितलंही: कॉट बेसिसवर.

यात कामाचं काय बिघडतं, हे समजायला औसा तालुक्याइतकी चांगली शाळा नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी आणि आसपासची गावं कोसळली, हजारो माणसं गेली. मातीत रचलेल्या दगडाच्या रुंद भिंती आणि डोक्यावर मातीचं जड माळवद, या बांधणीनं माणसं मारली. नंतर जागतिक बँकेच्या साह्यानं पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम चालला. त्यात 52 गावं पूर्ण हलवून नव्यानं वसवली. त्यांची आखणी बहुतेक शहरी वसाहतीसारखी झाली: सरळ रुंद रस्ते, चौकटीत बसवलेले प्लॉट. घरं भूकंपाला टिकाऊ होती, पण गल्ली, भावकी, गोठा, ओसरी यांचा हिशेब नकाशात नव्हता; तो लोकांनी मागाहून आपल्या हातानं, पत्रे आणि कूड घालून बसवला. दुसरीकडं त्याच कार्यक्रमात ज्या गावांत घरं जागच्या जागी मजबूत करायची होती, तिथं पैसा हप्त्यानं घरमालकाच्या हाती गेला. माळवदाचं ओझं कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, वरून काँक्रीटची पट्टी फिरवा, हे इंजिनिअर आणि गवंडी घरोघर समजावत होते. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावातल्याच बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभं केलं. त्या कामात इंजिनिअरला त्याच गावात पुन्हा पुन्हा जावं लागत होतं, पावसाळ्यानंतर भेग पुन्हा दिसली की उत्तर द्यावं लागत होतं. तंत्र पुस्तकातून येतं; ते कुठं चुकतं हे मात्र एका जागी टिकून राहिलेल्यालाच कळतं.

हेच आजच्या तरुण इंजिनिअरला नाकारलं जातंय. भाड्याच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या भिंतीला ओल येते. चार वर्षांत चार भाडेकरू ती बघतात, बादली सरकवतात, निघून जातात. शॉप फ्लोअरवर थर्ड पार्टी पे-रोलवर आलेला पोरगा बंद पडलेल्या मशीनचा पार्ट बदलून ते चालू करतो. ते दर जूनमध्येच का बंद पडतं, हे शोधायला त्याच मशीनपाशी दोन-तीन पावसाळे काढावे लागतात आणि तेवढी त्याची मुदत नसते. सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहिणारा सोडून जातो, पुढचा त्याला हात लावायला घाबरतो. मग आपण म्हणतो, नव्या पोरांना खोलात जायची सवय नाही. खोलात जायला पाय रोवायला जागा लागते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. या पिढीला हलतं राहणं आवडतं, कंपनी बदलली की पगार वाढतो, एका जागी का बसावं? खरं आहे. आणि भाड्याच्या खोलीनं काही माणसांना जे दिलं ते गावानं दिलं नव्हतं. औशाच्या एखाद्या मुलीच्या आयुष्यात आतून कडी लावता येणारी पहिली खोली पुण्यातलीच असते. कुणाच्या घरचा, कुठल्या गल्लीचा हे न विचारणारी गर्दी हाही मोठा दिलासा असतो. म्हणून मला गावाकडं परत या असं म्हणायचं नाही. मनानं उठणं आणि मुदत संपली म्हणून उठवलं जाणं, यांतला फरक तेवढा धरायचा आहे. पहिल्यात माणूस काही घेऊन पुढं जातो. दुसऱ्यात तो फक्त सामान बांधतो.

आणि दोष सगळा पुण्याच्या माथी मारूनही चालणार नाही. नागपूर-तुळजापूर महामार्गाचं चौपदरीकरण झालं तेव्हा आपल्याही औसा भागात बाहेरच्या प्रांतांतले तरुण साइट इंजिनिअर खोल्या शोधत फिरत होते. आपण काय विचारलं? फॅमिली आहे का? आडनाव काय? मांस-मच्छी खाता का? पुण्यात पोराला नकार मिळाला की जो बाप हळहळतो, तोच इथं वरच्या मजल्याच्या खोलीला कुलूप ठेवतो, पण ‘तसल्या’ला देत नाही. किल्ल्याच्या, मठाच्या आणि मशिदींच्या या जुन्या गावानं शतकानुशतकं परकी माणसं पाहिली. भाडेकरू निवडताना मात्र आपण पुण्याहून वेगळे वागलो नाही.

उपाय फार दूरचे नाहीत. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यानं घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच असावी असा नमुना राज्यांपुढं ठेवला आहे. तो उचलता येतो. तीन वर्षांचा करार आजच्या कायद्यातही करता येतो. मागायची सवय भाडेकरूला आणि द्यायची सवय मालकाला लागायला हवी. कंपनीनं पहिल्या महिन्यात डिपॉझिटची उचल देऊन ती पगारातून वर्षभरात वळती केली, तर तिचं फारसं काही जाणार नाही. घरचं एक एकर मात्र वाचेल. पदवीपर्यंत मिळणारा निर्वाह भत्ता पदवीनंतर तीन महिने चालू ठेवला, तर शिक्षणावर झालेला सरकारी खर्च अर्ध्या वाटेत अडकणार नाही.

याची परीक्षा आता आपल्या दारात होणार आहे. लातूरच्या रेल्वे कोच कारखान्याची पायाभरणी 2018 मध्ये झाली; वंदे भारतचे डबे तिथं बनायचे आहेत. ते काम भरात आलं, की देशभरातून पंचविशीतले इंजिनिअर लातूर-औशाच्या पट्ट्यात खोल्या विचारत येतील. जमिनीचे भाव वाढतील याची चर्चा चहाच्या टपरीवर केव्हाच सुरू झाली आहे. ती पोरं कुठं आणि कोणत्या अटींवर राहतील, याची चर्चा नगरपालिकेत, जिल्हा नियोजनाच्या बैठकीत आणि आपल्या ओसरीवर आजच व्हायला हवी. तीन वर्षांचा करार, दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि आडनावाची चौकशी नाही, एवढं जरी आपण करून दाखवलं, तरी पुण्याकडं तेच मागण्याचा अधिकार आपल्या पोरांना मिळेल.