सुट्टीत न्याय शिकता येतो का?



परीक्षा संपल्या की कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींच्या घरी एक प्रश्न हमखास निघतो: सुट्टीत करायचे काय? कुणी संगणकाचा कोर्स लावतो, कुणी एखाद्या कंपनीत दोन महिने इंटर्नशिप करतो. पुढे नोकरीसाठी अर्ज करताना ते उपयोगी पडते. त्यात गैर काही नाही.

पण जगात काही ख्रिस्ती संस्थांनी आणि विद्यापीठांनी तरुणांपुढे दुसऱ्या तऱ्हेची इंटर्नशिप ठेवली आहे. सुट्टीचे काही आठवडे गोरगरिबांमध्ये राहायचे, त्यांच्यासोबत काम करायचे आणि त्यातून श्रद्धा व सामाजिक न्याय यांचे नाते समजून घ्यायचे. अमेरिकेतील नोटर डेम या कॅथलिक विद्यापीठात असा उपक्रम १९८० साली सुरू झाला. विद्यार्थी आठ आठवडे बेघरांच्या निवाऱ्यात, दवाखान्यात किंवा निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थेत राबतात. त्या त्या शहरातील माजी विद्यार्थ्यांची मंडळे त्यांना आधार देतात. कामासोबत वाचन, लेखन आणि चिंतनही असते, कारण हा उपक्रम धर्मशास्त्राच्या अभ्यासाला जोडलेला आहे.

हे ऐकून आपल्याला बरे वाटते. परंतु ख्रिस्तसभेतच एका माणसाने या कल्पनेवर कठोर टीका केली होती आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

इव्हान इलिच हे व्हिएन्नात जन्मलेले धर्मगुरू. न्यूयॉर्कमध्ये पोर्तो रिकोहून आलेल्या गरीब स्थलांतरितांमध्ये त्यांनी सेवा केली आणि पुढे मेक्सिकोतील क्वेर्नाव्हाका येथे केंद्र उभारले. त्या काळी अमेरिकेतील अनेक विद्यार्थी उन्हाळ्यात मेक्सिकोच्या खेड्यांत सेवेसाठी जात. एप्रिल १९६८ मध्ये अशाच विद्यार्थ्यांच्या परिषदेत इलिच बोलले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: तुमचे हेतू चांगले आहेत, पण हेतू चांगला असला म्हणजे काम चांगले होतेच असे नाही. तुम्हाला त्या लोकांची भाषा येत नाही. तुम्ही काय चुकता आहात हेही ते तुम्हाला सांगू शकत नाहीत. मेक्सिकोला पाहायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका. गरिबांमध्ये काम करायचेच असेल, तर जे तुम्हाला तोंडावर ‘चालते व्हा’ म्हणू शकतील अशा गरिबांमध्ये करा.

तरुणांना हे किती झोंबले असेल! पण या टीकेत तथ्य आहे. शिवाय तिला आणखी एक प्रश्न जोडता येतो. आठ आठवड्यांनी विद्यार्थी परत जातो. त्याला अनुभव मिळतो, अभ्यासक्रमात त्याची नोंद होते, अर्जात एक ओळ वाढते. निवाऱ्यातील ज्या मुलाला त्याचा लळा लागला, त्याला काय मिळते? पुढच्या उन्हाळ्यात नवा ताई-दादा. म्हणजे गरिबांचे जगणे ही आपली शाळा झाली. मग या शाळेची फी कोण भरतो?

मला वाटते, या प्रश्नाचे उत्तर आपण स्वतःला देणारा समजतो की घेणारा, यावर अवलंबून आहे. ‘मी मदत करायला आलो’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्यावर इलिच यांचा आक्षेप पुरेपूर लागू पडतो. परंतु ‘मी शिकायला आलो’ असे जो मानतो, तो निदान खरे बोलतो. पोप फ्रान्सिस यांनीही २०१३ साली ‘इव्हान्गेली गाउदियुम’ या प्रबोधनपत्रात हेच सांगितले की, गरिबांकडे आपल्याला शिकवण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यांच्याकडून आपण स्वतःला शुभवर्तमान ऐकवून घेतले पाहिजे.

पण शिकायला आलो म्हटले की हिशेब संपत नाही, तेथून तो सुरू होतो. ज्याच्याकडून घेतले त्याचे देणे लागतो. म्हणून उन्हाळ्याच्या शेवटी तरुणाने ‘मी किती दिले?’ याऐवजी ‘माझ्यावर कोणते ऋण झाले?’ असे विचारले पाहिजे.

येथेच दया आणि न्याय यांतील फरक समोर येतो. भुकेल्याला ताट वाढणे ही दया. ती हवीच, कारण भुकेला माणूस कायदे बदलेपर्यंत थांबू शकत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ सालच्या ‘देउस कारितास एस्त’ या विश्वपत्रात बजावले आहे की, समाज कितीही न्यायी झाला तरी प्रेमाच्या सेवेची गरज संपणार नाही. परंतु ताट वाढता वाढता विद्यार्थ्याच्या ध्यानात येते की रांगेतील काही माणसे रोज कामावर जातात. दिवसभर राबणाऱ्या माणसाला स्वतःचे छप्पर का परवडू नये? अमेरिकेत केंद्र सरकारने ठरवलेले किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवरच अडकून आहे, हे त्याला माहीत होते, पण पुस्तकातून. आता त्या आकड्याला चेहरा मिळाला. येथून पुढचा प्रश्न न्यायाचा आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या दस्तऐवजात या बाबतीत फार स्पष्ट दंडक घालून दिला: जे न्यायाने द्यायलाच हवे, ते दान म्हणून देऊ नये. दुष्परिणामांवर मलमपट्टी करून भागणार नाही, कारणेही दूर केली पाहिजेत. आमोस संदेष्ट्याचा राग याच गोष्टीवर होता. उपासना थाटात चालली होती आणि बाजारात मापे खोटी होती.

आता एका विद्यार्थ्याकडे पाहू. फ्रेडरिक ओझानाम पॅरिसमध्ये शिकत होते. विद्यार्थ्यांच्या एका चर्चामंडळात त्यांना डिवचण्यात आले की, तुमच्या ख्रिस्ती धर्माने पूर्वी मोठी कामे केली असतील, पण आज तुम्ही काय करता? तो टोमणा त्यांना लागला. १८३३ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, मित्रांना घेऊन ते आपल्याच शहरातील गरिबांच्या घरी जाऊ लागले. गरिबांची घरे कोणती आणि तेथे कसे वागायचे, हे त्यांना सिस्टर रोझाली रेंदू यांनी शिकवले. यातूनच आज जगभरच्या धर्मग्रामांत काम करणारी सेंट व्हिन्सेंट दी पॉल सोसायटी उभी राहिली. १८५३ साली चाळिसाव्या वर्षी ओझानाम वारले. १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले.

इलिच यांनी १९६८ मध्ये जी अट घातली, ती ओझानाम यांनी १३५ वर्षे आधीच पाळली होती. ते स्वतःच्या शहरात राहिले, स्वतःच्या भाषेत बोलले आणि पुन्हा पुन्हा त्याच दारांत गेले. म्हणूनच प्राध्यापक झाल्यावरही मजुरांच्या वेतनाचा आणि हक्कांचा प्रश्न त्यांनी सोडला नाही. दयाळू शोमरोनी जखमांवर तेल ओततो, पण वाटेवर हल्लाच होऊ नये हे पाहणे न्यायाचे काम आहे, हा विचार त्यांच्या नावे सांगितला जातो.

मग आपल्या मुलांनी काय करावे? आपल्याकडे १९६९ पासून राष्ट्रीय सेवा योजना आहे, तिची सात दिवसांची शिबिरे होतात. काही कॉलेजांत सामाजिक कामाचे तास सक्तीचे आहेत. मुलांनी जरूर जावे. मात्र जाण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. आपल्याला तेथील लोकांनी बोलावले आहे का? ते आपल्याला आपली चूक सांगू शकतील का? आणि परतल्यावर हे नाते कसे टिकणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर दूरच्या पाड्यावर आठवडाभर जाण्यापेक्षा जवळच्या वस्तीत वर्षभर दर रविवारी जाणे अधिक बरे.

आईवडिलांसाठीही एक गोष्ट. मुलगा शिबिराहून आला की आपण फोटो पाहतो आणि कौतुक करतो. त्याऐवजी विचारून पाहा: तू ज्यांच्याकडे राहिलास त्यांची नावे काय? त्यांना मजुरी किती मिळते? वीटभट्टीवरच्या कुटुंबाने पावसाळ्यात घेतलेली उचल हंगाम संपला तरी का फिटत नाही? वेठबिगारी तर १९७६ च्या कायद्याने बंद झाली ना?

आणि असे प्रश्न विचारणारा मुलगा उद्या आपल्यालाही विचारील, याची तयारी ठेवावी लागेल. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईला आठवड्याची सुट्टी आहे का? ती आजारी पडली तर आपण पगार कापतो का? आपल्या बांधकामावरच्या मजुराला ठरलेल्या दिवशी पैसे मिळतात का? नाताळात तिला नवी साडी देणे सोपे आहे. ती साडी दया की थकलेल्या न्यायाची भरपाई, हे आपल्या मनाला पक्के ठाऊक असते.

तेव्हा सुट्टीत न्याय शिकता येतो का? सुरुवात करता येते, एवढेच म्हणता येईल. आठ आठवड्यांत डोळे उघडू शकतात. पुढची परीक्षा पगार ठरवताना, मत देताना, जमीन विकताना आणि कामगार नेमताना, आयुष्यभर चालते. लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंताने लाजराला मारले नव्हते, हाकललेही नव्हते. लाजर त्याच्याच दाराशी पडला होता आणि तो रोज तेथून जात-येत होता.

या सुट्टीत आपली मुले दूर कोठे जावोत वा न जावोत, आपल्या दाराशी कोण आहे हे पाहण्याची कृपा प्रभूने आपणा सर्वांना द्यावी.